९२५ खरी, पण चोख नव्हे

प्रश्न असा आहे: 'नाशिकच्या सराफ बाजारातून लेकीसाठी पैंजण आणले. कडीच्या आतल्या बाजूला बारीक ९२५ उमटवलंय. सासूबाई म्हणतात, खरी चांदी शंभर नंबरी असते, ही भेसळीची. मग हिला खरी चांदी म्हणावं का? आणि त्या छापाला मराठी शब्द काय?'

तुमच्या घरातला वाद 'खरी' या शब्दाने लावलाय. सासूबाईंना म्हणायचंय 'चोख'. संस्कृत 'चोक्ष' म्हणजे शुद्ध, त्यावरून आपला चोख आला. ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही ते चोख. सराफाकडे चोख चांदी म्हटलं की तो ९९९ची वीट नाहीतर नाणं काढतो. 'खरी'चा अर्थ वेगळा: जे सांगितलं तेच निघणारी. हजार भागांत ९२५ भाग चांदी भरली, तर तुमचे पैंजण खरे. उरलेले ७५ भाग बहुधा तांबं, आणि ते मुद्दाम घालावंच लागतं. चोख चांदी इतकी मऊ, की पोरीने चार उड्या मारल्या तर कडी उघडेल. पेढीवर याच ९२५ला 'साडेब्याण्णव' म्हणतात. देवाच्या ताम्हनाला अशी ओढाताण नसते, त्यामुळे ते अधिक शुद्ध चांदीचं असलं तरी चालतं.

बाजारात आणखी एक शब्द कानावर येईल, 'टंच'. साठ टंचाचे पैंजण म्हणजे शंभरात साठ भाग चांदी. तसं सांगून, त्याच भावाने विकले तर त्यातही खोटं काही नाही. खोटेपणा सुरू होतो तो साठ टंचाला साडेब्याण्णवचा भाव लावला की. एरवी कुणी विचारत नाही. दागिना मोडायला नेला, की मग टंच निघतो.

'शंभर नंबरी', 'बावनकशी' ही विशेषणं आपण सोन्यासाठी जास्त वापरतो. पण त्या बावनकशीतला 'कस' बघण्यासारखा आहे. दगडावर धातू घासला की जी रेघ उमटते, तिच्यावरून कस ठरतो. तो दगड म्हणजे कसोटी. संस्कृतात त्याच दगडाला 'निकष' म्हणतात. आज आपण शिष्यवृत्तीचे निकष, पात्रतेचे निकष असं बिनदिक्कत लिहितो आणि प्रत्येक वेळी सराफाचा काळा दगड हातात धरलेला असतो, हे लक्षातही येत नाही. 'निकषावर उतरणे' हा प्रयोग म्हणूनच मला अचूक वाटतो. 'निकष पूर्ण करणे' मात्र खटकतो. दगड पूर्ण कसा करणार?

आता छाप. हॉलमार्क हा शब्द लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलवरून आला. माल तिथे नेऊन तपासायचा आणि खूण ठोकून घ्यायची. त्याला मी नवा मराठी शब्द घडवणार नाही, कारण आपल्याकडे गंमत उलटी आहे. चांदीला आपण 'रुपं' म्हणतो ना? पाणिनीचं सूत्र आहे, 'रूपादाहतप्रशंसयोर्यप्' (५.२.१२०). रूप म्हणजे आकृती, आहत म्हणजे ठोकलेली. जिच्यावर आकृती ठोकली आहे ती वस्तू रूप्य. रुपं आणि रुपया दोन्ही या रूप्यातून आले. म्हणजे छाप धातूच्या नावातच बसलाय! आपल्या जिल्ह्यातल्या चांदवडला होळकरांची टांकसाळ होती, चांदवडी रुपया तिथला. टांकसाळ म्हणजे टंकशाला, आणि तोच 'टंक' पुढे टंकलेखनात शिरला. तेव्हा बोलताना खुशाल 'छाप' म्हणा, बिलावर हॉलमार्क राहू द्या.

पण एक सांगतो, नुसता ९२५ कुणीही ठोकू शकतो. भारतीय मानक ब्यूरोच्या (बीआयएस) छापात त्रिकोणी चिन्ह, 'सिल्व्हर' हा शब्द आणि शुद्धतेचा आकडा असतो. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जोडीला अक्षरं-आकडे मिळून सहा खुणांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळखक्रमांक, आलाय. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पडताळता येतो. चांदीला हॉलमार्क अजून ऐच्छिक आहे, म्हणून छाप नाही एवढ्यावरून माल खोटा ठरत नाही. अशा वेळी टंच बिलावर लिहून मागायचा.

आणि 'सिल्व्हर' या शब्दाला भुलू नका. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. चांदी औषधालाही नाही. मी एकदा हळदीकुंकवाची कोयरी 'सिल्व्हरचीच आहे हो' या बोलीवर घरी आणली. नंतर कळलं, जर्मन सिल्व्हर. आमच्या आईच्या मराठीत जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, जर्मनचं पातेलं वगैरे. तिने कोयरी तळहातावर तोलली आणि म्हणाली, "जर्मन इतकं जड कधीपासून झालं रे?"