गड्डे आणि हळकुंडं वेगळी का शिजवतात?

प्रश्न : मॅडम, मी ठोसेघरच्या बाजूला राहतो. अंगणातून चाळकेवाडीच्या पवनचक्क्या दिसतात. बारावीतला मुलगा म्हणतो, या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढून तो धातूच्या नॅनो भुकटीत भरून ठेवता येतो. धातूत गॅस मुरतो हेच मला पटत नाही. आणि भुकटी बारीक केल्याने असं काय होतं? त्याला मॅग्नेशियमची पावडर मागवायची आहे. मागवू का? – एक वाचक, ता. सातारा

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मागवू नका. का, ते पुढे येईलच.

गॅस मुरतो, आणि चांगला मुरतो. थॉमस ग्रॅहमने १८६६ मध्येच दाखवलं की पॅलेडियम स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन पोटात घेतं. हायड्रोजनचे अणू जोडीने फिरतात. धातूच्या पृष्ठभागावर ती जोडी मोडली की सुटे अणू इतके लहान असतात की धातूच्या अणूंमधल्या फटींत जाऊन बसतात. हायड्रोजन असा धरून बसलेल्या धातूला हायड्राइड म्हणतात. घरात रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे सेल असतील तर तुमच्याकडे हा प्रकार रोज चालतो. त्यातला मिश्रधातू चार्ज होताना हायड्रोजन घेतो आणि सेल वापरताना सोडतो.

आता हिशेब. एक किलो हायड्रोजन साध्या हवेच्या दाबाला सुमारे १२ हजार लिटर जागा घेतो. उन्हाळ्यात माण-जतकडे पाण्याचा टँकर येतो, तेवढी. लँथॅनम आणि निकेल या धातूंच्या मिश्रधातूत हाच टँकर एका बादलीएवढ्या जागेत मावतो, तोही साध्या तापमानाला आणि थोड्याच दाबाखाली. पण ती बादली सत्तर किलोच्या वर भरते, कारण हा मिश्रधातू वजनाच्या जेमतेम दीड टक्का हायड्रोजन धरतो. मोटारीत घालायचं तर पंचाईत. जर्मन पाणबुड्यांनी मात्र हायड्राइडच्या टाक्या खुशाल वापरल्या. पाणबुडीला वजनाचं वावडं नसतं.

म्हणून सगळ्यांचा डोळा मॅग्नेशियमवर. हलकं, स्वस्त, आणि त्याच्या हायड्राइडमध्ये ७.६ टक्के हायड्रोजन. एक किलो गॅससाठी साधारण तेरा किलोचं ओझं. इथे तुमच्या 'बारीक केल्याने काय होतं' या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि ते आमच्या सांगलीत कुठलाही हळदवाला देईल. हळदीचे जाड गड्डे आणि बारीक हळकुंडं एकत्र शिजवत नाहीत. हळकुंडं झाली म्हणून कढई उतरवावी तर गड्डा मधे कच्चाच राहतो. मॅग्नेशियमच्या जाड कणाचं याहून वाईट होतं. बाहेरून हायड्राइडची साल तयार होते आणि तीच पुढच्या हायड्रोजनची वाट अडवते. आतला धातू कोराच राहतो. कण नॅनोमीटरच्या, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाच्या, मापात आणला की साल आणि गाभा यांत अंतरच उरत नाही. त्यासाठी भुकटी बॉल मिलमध्ये, म्हणजे आत कठीण गोळे असलेल्या फिरत्या डब्यात, तासन् तास कुटतात. सोबत निकेलसारख्या धातूचा चिमूटभर अंश घालतात, कारण ती अणूंची जोडी मोडायचं काम मॅग्नेशियमला फारसं जमत नाही, निकेलला जमतं.

पण एक गोष्ट बातम्यांत कधी येत नाही, म्हणून जरा ठासून लिहिते. बारीक केल्याने वेग वाढतो. धातू आणि हायड्रोजन यांच्यातला बंध सैल होत नाही. मॅग्नेशियमकडून हायड्रोजन परत काढायचा तर भुकटी ३०० अंशांच्या आसपास तापवावी लागते, आणि त्यात त्याच हायड्रोजनच्या जवळपास ३० टक्के ऊर्जा जाते. अगदी एक-दोन नॅनोमीटरपर्यंत उतरलं तर बंध ढिला होतो, असं गणित सांगतं. पण इतके बारीक कण तापले की एकमेकांना चिकटून पुन्हा मोठे होतात. चुलीवरची उष्णता फुकट नसते, हे गुऱ्हाळवाल्याला सांगायला नको.

आता पावडर. मी मुलांना मॅग्नेशियमची फीत जाळायला द्यायची तेव्हा आधी पॉलिश पेपरने घासायला लावायची. करडा थर निघून चांदीसारखी चकाकी दिसली की मगच काडी. तो थर ऑक्साइडचा. फितीवर तो नुसता वरवर असतो; नॅनो कणात थर म्हणजेच अर्धा कण. म्हणून प्रयोगशाळेत ही भुकटी हवा लागू न देता आरगॉन या कशाशी सहसा क्रिया न करणाऱ्या वायूने भरलेल्या बंद पेटीत हाताळतात, हातमोजे पेटीलाच जोडलेले असतात. बाहेर उघडली तर एक तर वाया जाते, नाहीतर पेटते. मॅग्नेशियमच्या आगीवर पाणी ओतलं तर आणखी भडकते. मुलाला त्यापेक्षा फीत आणि पॉलिश पेपर द्या, तेही शिक्षकांसमोर.

आणि चाळकेवाडीच्या पठारावरच्या विजेचं म्हणाल तर तिथे टाकीच्या वजनाची चिंता नाही, ही जमेची बाजू. पण एक किलो हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट लागतात आणि हायड्रोजनपासून पुन्हा वीज करणाऱ्या फ्युएल सेलमधून परत येतात १६-१७. रात्रीपुरती वीज ठेवायची तर बॅटरीच घ्या. पावसाळ्यातला वारा उन्हाळ्यासाठी ठेवायचा असेल तर मुलाच्या बोलण्यात दम आहे.

प्रश्न : कार्बनच्या नॅनोट्यूबमध्ये, म्हणजे अतिसूक्ष्म नळ्यांमध्ये, हायड्रोजन साठवतात असं पूर्वी वाचलं होतं. पुढे काय झालं? – एक वाचक, तासगाव

उत्तर : १९९० च्या दशकाच्या अखेरीस मोठमोठे आकडे छापून आले, पण इतरांनी प्रयोग करून पाहिले तेव्हा ते जुळले नाहीत. कार्बनला हायड्रोजन नुसता वरवर चिकटतो. टिकवायचा तर उणे १९६ अंशांपर्यंत गार करावं लागतं. मीही तेव्हा एक आकडा फळ्यावर लिहून वर्गाला कौतुकाने सांगितला होता. त्या बॅचची मुलं आता चाळिशीत असतील. कुणी हे वाचत असेल तर तो आकडा वहीतून खोडा.