नरक्या लावायचाय? एजंटला ॲडव्हान्स द्यायच्या आधी वाचा

पाऊस तोंडावर आला की नरक्याचे फोन सुरू होतात. यंदा शाहूवाडी, पाटण, चंदगड आणि चक्क बार्शीतून पण आले. बहुतेकांचं म्हणणं एकच, "साहेब, कॅन्सरच्या औषधाचं झाड आहे, एजंट रोपं देतोय, तीन वर्षांनी मुळासकट घेऊन जातो म्हणतोय, लावू का?" एकेकाला फोनवर सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहितो.

झाड खोटं नाही, ते आधी सांगतो. नरक्या, कुठे घाणेरा, कुठे अमृता म्हणतात, शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निमोनियाना. फुलांना घाण वास म्हणून नरक्या, घाणेरा ही नावं. (अमृता म्हणजे गुळवेल पण, त्यामुळे अमृताच्या नावाखाली कुणी वेल हातात दिला तर परत करा, हसू नका, असं झालंय.) यात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं. ते पहिल्यांदा 1966 मध्ये अमेरिकेत वॉल आणि वाणी या दोघांनी एका चिनी झाडातून वेगळं केलं, आणि 1972 मध्ये आपल्या नरक्यात पण सापडलं. त्यापासून पुढे टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं तयार झाली, अंडाशयाच्या, फुफ्फुसाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर दवाखान्यात वापरतात. एवढं सगळं एजंट बरोबर सांगतो. पुढचं चुकीचं सांगतो.

"तीन वर्षांनी मुळासकट" हे कुणीही म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. मुळात आणि बियात द्रव्य जास्त असतं म्हणून त्याला मूळ हवंय, त्यात त्याचा फायदा आहे, तुमचा नाही. घाटातला नरक्या याच पायी संपत आलाय, रात्रीत झाडं उपटून ट्रक भरून गेले. हे झाड तोडल्यावर बुंध्यातून परत फुटतं. म्हणजे एकदा लावलं की पुन्हा पुन्हा लाकूड मिळतं, आणि तुम्ही ते उपटून एकदाच पैसे घेणार? उपटू नका. खोड मनगटाएवढं होईपर्यंत कोयता लावू नका, मग किती का वर्षं लागेनात. तोड करायची ती हिवाळा सरता सरता, जमिनीपासून हातभर वर, तिरकी, धारदार करवतीने. पावसाच्या तोंडावर तोडलं की बुंध्यात पाणी मुरतं, साल सुटते आणि फुटवा येण्याऐवजी बुंधा कुजतो. शाहूवाडीत एका बांधावर ओळीने असे काळे पडलेले बुंधे बघितलेत, मालक म्हणाला व्यापाऱ्याला घाई होती. व्यापाऱ्याला घाई होती, बुंधे कुणाचे गेले?

आता पाटणचा प्रश्न. बी टाकून महिना झाला, उगवत नाही, दुकानदाराने जीए (जिब्रेलिक ॲसिड, वाढीचं संप्रेरक) दिलंय, एक लिटरला एक ग्रॅम घालून बी रात्रभर भिजव म्हणतो.

दादा, एक लिटरला एक ग्रॅम म्हणजे हजार पीपीएम (दहा लाख भागात हजार भाग) झालं. दहा लिटरला एक ग्रॅम घातलं तर शंभर पीपीएम होतं, द्राक्षवाल्यांना हा हिशोब तोंडपाठ असतो, आपल्याकडे दुकानदार सांगेल ते प्रमाण. जास्त जीएची रोपं मी बघितलीत, वीतभर लांब, फिकी, मानेतून वाकलेली, पहिल्या सरीत आडवी. आणि मुळात ताजं बी असेल तर जीए लागतच नाही, लागतो धीर. या बियातला कोंब फळ पिकलं तरी पुरता तयार नसतो, तो वाफ्यात हळूहळू वाढतो, त्याला महिने लागतात. महिन्याभरात बी मेलं असं समजून लोक वाफा उकरतात आणि दुकानातून नवीन बी आणतात, तेच दुकानदाराला हवं असतं. दुकानातलं पाकिटातलं बी घेऊच नका. वाळवून ठेवलेल्या बियाची ताकद लवकर जाते.

पद्धत सोपी आहे. हिवाळ्यात फळं हिरव्याची जांभळी-काळी झाली की आपल्या किंवा शेजाऱ्याच्या मालकीच्या झाडाखाली चादर पसरा (जंगलातून आणू नका, गुन्हा आहे). सगळ्या झाडांना फळ येत नाही, काही झाडं नरच असतात, त्यांच्याकडे बघत बसू नका. फळं बादलीत वाळूबरोबर चोळायची, गर धुवून काढायचा, बी सावलीत एखादा दिवस सुकवायचं आणि लगेच वाफ्यात. वर पालापाचोळा, वर शेडनेट नाहीतर आंब्याची सावली, ओल टिकवायची पण चिखल नाही. एवढंच. बी टाकलेल्या तारखेची पाटी लावा म्हणजे उकरायचा हात थांबतो.

रोपं मान टाकतात म्हणून दर आठ दिवसांनी तांब्याचं बुरशीनाशक ओतायला सांगणारे पण आहेत, वर त्याच दुकानातून ट्रायकोडर्मा पण विकतात. ट्रायकोडर्मा ही बुरशीच आहे, तिच्यावर बुरशीनाशक ओतलं तर तिलाही मार बसणार, दोन्हीचं बिल मात्र तुमचं. वाफा उंच करा, पाण्याला वाट द्या, शेणखतात ट्रायकोडर्मा मुरवून घाला. मर थांबत नसेल तर मेलेलं रोप पिशवीत घालून आमच्याकडे आणा, रोग बघितल्याशिवाय औषध नाही.

युरिया, हे शेवटचं खतावर. ऊस नाही हा. मूठ मूठ युरिया टाकून फांद्या लुसलुशीत करून काय करणार, पानं विकायचीत का? पाटीभर कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा, पहिली दोन-तीन वर्षं बास. युरिया नको म्हणजे नको.

बार्शीवाल्यांचा प्रश्न: काळी जमीन, ड्रिप, उघडं रान, एक एकर, लावू का? नाही. हे पश्चिम घाटातलं, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं, जास्त पावसाचं, पण मुळाशी पाणी न साचणारं झाड आहे. महाबळेश्वर, आंबा घाट, राधानगरी, आंबोली ही त्याची घरं. तुमच्याकडे ज्वारी-तूर आहे ती नीट करा.

घाटातल्यांनी पण अख्खं रान अडकवू नये. माझं मत विचाराल तर (नाही विचारलं तरी सांगतोच) बांधाला, काजूच्या नाहीतर जांभळाच्या सावलीत, आठ-दहा फुटांवर एक, जून-जुलैमध्ये पाऊस लागल्यावर, पंचवीस-तीस झाडं लावा. आणि बी गोळा करायच्या आधी आईझाडाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या, कारण एका झाडात द्रव्य भरपूर आणि शेजारच्यात नाममात्र असं होतं, चेहऱ्यावरून कळत नाही. "आमची टिश्यू कल्चर रोपं, हमखास टक्केवारी" म्हणणाऱ्याला आधी तपासणीचा कागद मागा, बहुतेकांचा फोन त्या दिवसापासून लागत नाही.

कर्ज काढून तर मुळीच नको. घेणारे मोजके, भाव तेच ठरवणार. शिवाय 2005 मध्ये जम्मूच्या शास्त्रज्ञांनी याच झाडाच्या आत राहणारी एक बुरशी शोधली जी हेच द्रव्य बनवते. उद्या ती टाकीत वाढवून भागलं तर लाकडाला कोण विचारणार, ही शक्यता धरून चाला.

कागदपत्रं: सातबारावर ई-पीक पाहणीत नोंद करा, नाहीतर तुमचं लाकूड आणि जंगलातलं लाकूड यात फरक कसा दाखवणार, तोडीआधी वनखात्याकडे परवानगी आणि वाहतूक पासचं विचारा, जैवविविधता कायद्यात 2023 च्या दुरुस्तीने लागवडीच्या औषधी वनस्पतीला सूट आहे पण गावच्या जैवविविधता समितीकडून माल कुठला याचा दाखला घ्यावा लागतो, अनुदानाचं त्या वर्षीच्या यादीप्रमाणे औषधी वनस्पती मंडळाकडे विचारा, एजंटच्या पत्रकावर नाही. बाजार बघायला ई-चरक हे औषधी वनस्पतींच्या खरेदी-विक्रीचं सरकारी संकेतस्थळ आहे.

एका ताईंचा मेसेज वेगळा आहे, घरात पेशंट आहे, पानांचा काढा देऊ का, गावातला एकजण देतो. ताई, नाही. हे विष आहे. 1970 च्या आसपास हे द्रव्य थोडी प्रक्रिया करून माणसांना देऊन बघितलं तेव्हा मूत्राशयातून रक्त जायला लागलं म्हणून चाचण्या थांबवाव्या लागल्या. आजची औषधं त्यात बदल करून केलेली आहेत, तरी ती अंगाच्या मापाने मिलिग्रॅममध्ये मोजून, रक्त तपासून देतात, आणि तरीही जुलाब होतात, पांढऱ्या पेशी उतरतात. काढ्यात किती उतरलं हे कोण मोजणार? डॉक्टरांची ट्रीटमेंट चालू ठेवा. पानं तोडून आणली असतील तर खड्डा करून पुरा, उकिरड्यावर नको, गुरांपुढे तर अजिबात टाकू नका.