रात्रीचे जेवण आणि न उतरणारा रक्तदाब

प्रश्न : माझे वय ५६ वर्षे असून उच्च रक्तदाबासाठी मी रोज सकाळी एक गोळी घेतो. दवाखान्यात मोजलेला रक्तदाब आटोक्यात असतो. परंतु नुकत्याच २४ तास यंत्र लावून केलेल्या तपासणीत, झोपेत तो पुरेसा उतरत नाही असे दिसले. कामामुळे मी रात्री साडेदहाला जेवतो आणि अकराच्या सुमारास झोपतो. याचा काही संबंध असेल का? घरी जेवल्यावर लगेच मोजले, तर रक्तदाब उलट कमी दिसतो. मग उशिरा जेवण्याने तो वाढतो कसा?

उत्तर : संबंध असू शकतो, मात्र तेवढेच कारण आहे असे समजून पुढील तपासणी टाळू नका.

रक्तदाब दिवसभर एकसारखा राहत नाही. पहाटे जाग येण्याच्या सुमारास तो चढू लागतो आणि झोपेत दिवसाच्या सरासरीपेक्षा साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतो. हा उतार १० टक्क्यांहून कमी असला, तर दिवसाचे आकडे चांगले असूनही हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडे यांच्या विकारांचा धोका अधिक असतो. जेवणानंतर रक्तात इन्शुलिन वाढते. त्याच्या प्रभावाने मूत्रपिंडे सोडियम धरून ठेवतात आणि शरीराला सावध ठेवणारी सिंपथेटिक मज्जासंस्था उत्तेजित होते. दिवसा हे खपून जाते. रात्री मात्र नेमकी हीच मज्जासंस्था मंदावणे अपेक्षित असते आणि मूत्रपिंडेही रात्री दिवसाच्या मानाने कमी सोडियम बाहेर टाकतात, त्यामुळे झोपण्याच्या तोंडावर पोटात गेलेल्या मिठाचा निचरा लांबतो.

तुर्कस्तानातील संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेल्या, उच्च रक्तदाबाच्या सुमारे ७०० रुग्णांच्या पाहणीत, झोपेपूर्वी दोन तासांच्या आत जेवणाऱ्यांपैकी सुमारे २४ टक्के लोकांचा रक्तदाब रात्री पुरेसा उतरत नव्हता. त्याआधी जेवणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. ही केवळ पाहणी होती आणि उशिरा जेवणारी माणसे झोपतही कमी असू शकतात, हे विसरून चालणार नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला प्रयोग अधिक काटेकोर होता. त्यात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील पुरुषांनी पाच आठवडे दिवसाचे सर्व खाणे सकाळपासूनच्या सहा तासांत, दुपारी तीनच्या आत, उरकले; वजन कायम राखूनही त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ११ आणि खालचा १० मिलिमीटरने उतरला. हे पुरुष अवघे आठ होते. अशा प्रयोगांच्या बातम्यांत मथळा मोठा असतो आणि हा आठाचा आकडा सहसा गळतो.

जेवणानंतर यंत्रावर दिसणाऱ्या कमी आकड्याने मात्र समाधान मानू नका. पचनासाठी आतड्यांकडे जास्त रक्त वळते, म्हणून तो काही काळ घसरतो. तो तुमचा खरा रक्तदाब नव्हे. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारी आणि गोळी यांच्या आधी, पाच मिनिटे शांत बसून एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. संध्याकाळी मोजताना जेवण, चहा किंवा कॉफी होऊन किमान अर्धा तास गेलेला असू द्या.

जेवण आणि झोप यांत दोन ते तीन तासांचे अंतर ठेवणे इष्ट. कामाची वेळ बदलणे शक्य नसेल, तर मुख्य जेवण कामाच्या ठिकाणीच सातच्या सुमारास करावे आणि घरी आल्यावर भूक असेल तरच थोडे, कमी मिठाचे खावे. जेवण लवकर करता येत नाही म्हणून झोपच पुढे ढकलणे हा उपाय नव्हे, कारण अपुऱ्या झोपेनेही रक्तदाब चढतो. शिवाय दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमच्या आत नसेल, तर घड्याळ सांभाळून फारसे काही हाती लागणार नाही. तुम्ही घोरत असाल किंवा झोपेत श्वास अडकत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. रात्री रक्तदाब न उतरण्यामागे हे कारण बऱ्याचदा आढळते आणि जेवणाची वेळ बदलून ते दूर होत नाही.

प्रश्न : माझ्या ७४ वर्षांच्या आईला उच्च रक्तदाब आहे. दुपारी जेवून उठल्यावर तिला चक्कर येते. गोळी बंद करावी का?

उत्तर : स्वतःहून बंद करू नका. वर सांगितलेली जेवणानंतरची घसरण तरुण शरीर नाडीचा वेग वाढवून आणि इतर रक्तवाहिन्या आवळून भरून काढते. उतारवयात, विशेषतः मधुमेह किंवा पार्किन्सनचा विकार असल्यास, ही भरपाई अपुरी पडते. जेवणापूर्वी आणि नंतर दोन तासांपर्यंत दर अर्ध्या तासाने, बसवून, रक्तदाब मोजून लिहून ठेवा. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरत असेल, तर ती नोंद डॉक्टरांना दाखवा. ते गोळीची वेळ किंवा मात्रा बदलू शकतील. तोवर एकाच मोठ्या, पिष्टमय जेवणाऐवजी थोडे थोडे खायला द्यावे, पाण्यावर बंधन नसेल तर जेवणापूर्वी एक पेला पाणी द्यावे आणि जेवल्यावर लगेच उठू देऊ नये.

प्रश्न : रक्तदाबाची गोळी अनशापोटी घ्यावी की जेवणानंतर?

उत्तर : ते औषधावर अवलंबून आहे. अॅम्लोडिपिन कसेही चालते, कार्व्हेडिलॉल अन्नासोबत घ्यायचे असते, तर कॅप्टोप्रिल जेवणाच्या तासभर आधी. सकाळ की रात्र, याबाबत ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा त्यांमुळे होणारे मृत्यू यांत फरक आढळला नाही, त्यामुळे जी वेळ चुकणार नाही ती डॉक्टरांशी बोलून ठरवावी. लघवी वाढवणारी गोळी मात्र सहसा सकाळीच घेतात, नाहीतर रात्री वारंवार उठावे लागते.