व्हिएन्नाचं लष्करी म्युझियम करावं का? नक्की करा, पण सुरुवात खालून करा

ताई, तुम्ही विचारलंय की व्हिएन्नात तीनच दिवस आहेत, मुलगा नववीत, त्याला पहिल्या महायुद्धाचं वेड, सोबत सासूबाई, तर लष्करी इतिहासाचं म्युझियम करावं का. माझं मत विचाराल तर डोळे झाकून करा, अर्धा दिवस काढा, फक्त आत गेल्यावर सगळं ओळीने बघत बसू नका.

बरेच जण वरच्या मजल्यापासून सुरू करतात, तीस वर्षांचं युद्ध, मग तुर्कांशी लढाया, मग नेपोलियन, चिलखतं झेंडे तलवारी बघून बघून पाय दुखायला लागतात आणि खाली येईपर्यंत डोक्यात काही शिरत नाही. तुम्ही उलटं करा. तळमजल्यावर सारायेव्होची, म्हणजे ज्या हत्येमुळे पहिलं महायुद्ध पेटलं ती बोस्नियातल्या ज्या शहरात झाली त्याची, खोली आहे, आधी तिथे जा.

तिथे ती गाडी आहे. ग्रेफ उंड श्टिफ्ट कंपनीची उघडी मोटार, २८ जून १९१४ ला ऑस्ट्रियाच्या गादीचा वारस आर्चड्यूक (राजपुत्र) फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची बायको सोफी ह्याच गाडीत मारले गेले. खरीखुरी तीच गाडी, प्रतिकृती नाही. मुलाला जाण्याआधी त्या सकाळचा घटनाक्रम नीट सांगून ठेवा, मग गाडी बघायला खरा अर्थ येतो. म्हणजे आधी कटातल्या एकाने बॉम्ब टाकला, तो गाडीच्या दुमडलेल्या टपावर आपटून मागे गेला आणि मागच्या गाडीखाली फुटला. मग टाउन हॉलमधला कार्यक्रम उरकून आर्चड्यूक म्हणाला की जखमी अधिकाऱ्याला हॉस्पिटलमध्ये भेटायला जाऊ, म्हणून रस्ता बदलला, पण ते ड्रायव्हरपर्यंत पोचलंच नाही. तो आधी ठरलेल्या रस्त्यानेच वळला, गव्हर्नर ओरडला, गाडी थांबली, आणि नेमका त्याच कोपऱ्यावर कटातलाच दुसरा पोरगा, गाव्रिलो प्रिन्सिप उभा. दोन गोळ्या. गाडीचा मालक काउंट हाराख आर्चड्यूकला आडोसा म्हणून फूटबोर्डवर उभा होता, पण डाव्या बाजूला, आणि प्रिन्सिप उजवीकडे. त्यामुळे गाडीच्या दोन्ही बाजू बघा, उजवीकडे गोळीचं भोक अजून दिसतं.

बाजूलाच आर्चड्यूकचा रक्ताचे डाग पडलेला लष्करी कोट आहे, त्याला वाचवायच्या गडबडीत कापलेला. मला त्या कोटासमोरून लवकर हलता येत नाही. प्रिन्सिप तेव्हा १९ वर्षांचा होता, वीस पूर्ण नव्हते म्हणून त्याला फाशी देता आली नाही, वीस वर्षांची शिक्षा झाली आणि १९१८ मध्ये तुरुंगात क्षयाने गेला. तुमच्या मुलापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा, हे त्याला जरूर सांगा.

आणि हो, यूट्यूबवर ही गाडी शापित होती, नंतरचे सगळे मालक मेले वगैरे चालतं ते साफ खोटं आहे. हत्येनंतर गाडी सम्राटाकडे आणि तिथून १९१४ मध्येच म्युझियममध्ये आली, मधे कोणी मालक झालाच नाही.

तिथून लगेच महायुद्धाच्या दालनात जा. ३८ सेंटीमीटरची अवाढव्य तोफ आहे, मुलगा तिथे रमेल, पण त्याला एगर-लीन्झ ह्या चित्रकाराच्या मोठ्या पेंटिंगसमोरही थोडा वेळ थांबवा. मातकट रंगातले, वाकून पुढे सरकणारे सैनिक, जवळजवळ चेहरेच नाहीत. मला ते तोफेपेक्षा जास्त बोलकं वाटतं. इथेच आपल्याकडची गोष्टही सांगा, की ऑस्ट्रियाच्या बाजूने तुर्क होते आणि त्यांच्याशी लढताना १९१६ च्या एप्रिलमध्ये इराकमधल्या कुत इथे ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातली आपली पूना डिव्हिजन उपासमारीने शरण आली, त्यात मराठा पलटणी होत्या. साताऱ्याकडच्या, कोकणातल्या गावांत 'या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले' अशी जुनी दगडी पाटी असते ना, ती ह्याच युद्धाची. तुमच्या गावात असेल तर फोटो घेऊनच जा.

पायात जोर उरला तर वर जा, सगळं नाही, फक्त तुर्कांकडून जिंकलेला तंबू आणि १७९६ मध्ये फ्रेंचांकडून पकडलेला बलून. युद्धात वापरलेला बलून, तो पण इतका जुना, फार कमी ठिकाणी बघायला मिळतो. सासूबाईंना वरचं नाही जमलं तरी चालेल, प्रवेशाजवळचं सेनापतींच्या संगमरवरी पुतळ्यांचं दालनच बघण्यासारखं आहे. इमारत १८४८ च्या उठावानंतर बांधलेल्या आर्सेनल छावणीतली, आर्किटेक्ट हान्सेन, ह्यानेच पुढे ऑस्ट्रियाची पार्लमेंट बांधली.

१९ वर्षांखालच्यांना तिकीट नाही, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनाच फुकट असतं, तरी जाण्याआधी वेबसाइटवर एकदा बघून घ्या. मुख्य रेल्वे स्टेशनपासून बागेतून चालत जाता येतं.

सकाळी उघडताच जा आणि दुपारी जवळच्याच बेल्व्हेडेअर राजवाड्यात जा. लोक तिथे क्लिम्ट ह्या चित्रकाराच्या चित्रासाठी जातात, पण वरचा बेल्व्हेडेअर हे फ्रान्झ फर्डिनांडचं व्हिएन्नातलं घर होतं, त्यामुळे गाडी बघून तिथे गेलात तर मुलाला जास्त भिडेल. तिथलं तिकीट मात्र वेळेच्या स्लॉटचं असतं, दुपारचं ऑनलाइन काढून ठेवा, आणि मधे सासूबाईंना निवांत बसून जेवता येईल एवढा वेळ सोडा.