अमेरिकेत वेटरला टिप द्यावीच लागते म्हणे, मग आपल्याकडे तसं का नाही?

तिथला हिशोबच वेगळा आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतात. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. किमान वेतन ७.२५ डॉलर, मधली तूट गिऱ्हाइकाच्या टिपेतून भरायची, नाहीच भरली तर मालकाने. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत मात्र मालकाला ही सवलत नाही.

आपल्या १९४८ च्या किमान वेतन कायद्यात टिपेची अशी वजावट नव्हतीच. टिप म्हणजे वरची कमाई. (कागदावर!) जालना रोडच्या ढाब्यावरचा पोरगा महिन्यावर असतो, जेवण-राहणं मालकाकडं, वर घरच्या अडचणीला घेतलेली उचल. तासाचा हिशोब मागणार कोण? बडीशेपेच्या तबकातले दहा-वीस रुपये कधी त्याचे, कधी गल्ल्याजवळच्या डब्यात. तो डबा मग आचाऱ्यापासून भांडी घासणाऱ्या मावशीपर्यंत वाटला जातो. काही ठिकाणी वाटलाच जात नाही. म्हणून मी रोख, त्याच्या हातातच देतो. बिलासोबत स्कॅन केलं की पैसे सरळ मालकाच्या खात्यात.

आणि शहरातल्या मोठ्या हॉटेलात बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर बिनधास्त काढायला सांगा, २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तो सक्तीने लावता येत नाही.