चावी जेईईनंतर मिळेल, हे कशासाठी?

ताई, तुमचं इंदूरहून आलेलं पत्र वाचलं. मुलगी अकरावीला, पीसीएम, भंवरकुआंला कोचिंग, मार्क बरे, आणि रात्री बसून हिवाळ्यातली बिनपानांची झाडं रंगवते, पेंटिंग नाइफने (रंग थापायच्या बोथट पात्याने) इतका जाड रंग थापते की झाड आहे का भिंतीचे पोपडे तेच कळत नाही. हे वेड कसं सोडवू, असं तुम्ही विचारलंय.

मार्कांचं सोडा, मी अडकले ते मिस्टरांनी रंग कपाटात कुलूपबंद करून "चावी जेईईनंतर" म्हटलं तिथे. मुलगी भांडली नाही, गप्प झाली, आणि तुम्ही लिहिता समजूतदार झाली. अहो, तिने तुम्हाला काही सांगणंच बंद केलंय! आणि एवढं करून अभ्यास वाढला का, तर तुम्हीच लिहिलंय की त्यानंतरच्या टेस्टमध्ये मार्क उलट घसरले. ते कुलूप आजच काढा, त्यासाठी कुठल्या टेस्टचा आकडा मागू नका.

काळी, उघडी झाडं काढते म्हणजे डिप्रेशन आहे का, हे चित्रावरून ठरत नाही. पानं गेली की फांद्यांची सगळी रचना उघडी पडते, रंगवणाऱ्याला तेच हवं असतं. तुम्ही तिची झोप, जेवण, मैत्रिणींशी बोलणं बघा, त्यात बिघडलंय असं वाटलं तर सरळ डॉक्टरांकडे न्या, लपवू नका.

आता मिस्टरांचं वाक्य, "ड्रॉइंग येत नाही तेच अ‍ॅबस्ट्रॅक्ट करतात." म्हणजे हुबेहूब न काढलेली, अमूर्त चित्रं. हे साफ चूक आहे. डच चित्रकार मोंद्रियान, ज्याचे लाल-पिवळे-निळे चौकोन सगळीकडे दिसतात, तो 1908च्या सुमाराला समोरचं झाड बघूनच काढत होता, मग 1911चं करडं झाड, 1912चं फुललेलं सफरचंदाचं झाड, आणि त्यात फक्त वक्र रेषांचं जाळं उरलं, खोड-फांदी हातात पक्की होती म्हणून काय गाळायचं ते त्याला कळलं. लांब कशाला, तुमच्याच इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे, देवळालीकर मास्तरांकडे शिकले, निसर्गचित्रांत हात बसलेला, 1950ला आमच्या बडोद्याच्या फाइन आर्ट्सला पेंटिंग शिकवायला आले आणि अ‍ॅबस्ट्रॅक्टचे प्रयोग त्यानंतर केले.

मुलीबद्दलही एक तक्रार आहे. फोटो पाठवलेत त्यात बर्फातली बर्च झाडं आहेत, ती व्हिडिओ बघून केलेली दिसतात. इंदुरात बर्फ कुठे पडतो? तिला फेब्रुवारी-मार्चमध्ये इंदूरजवळच्या चोरलच्या जंगलाच्या बाजूला न्या, सागवान झडलेला असतो, कांडोळाचं झाड दिसलं तर त्याचं पांढरं खोड आणि कागदासारखी सुटणारी साल हाताने चाचपू दे, वहीत पेन्सिलने काढू दे, आणि मग मॉडेलिंग पेस्ट (चित्राला जाडी देणारा लगदा) थापू दे. एकदम जाड थर दिला तर तडे जातात, पातळ थर वाळवत वाळवत चढवायचा हेही सांगा.

एनआयडी (डिझाइनची संस्था), यूसीड (डिझाइनच्या पदवीची प्रवेश परीक्षा), बीएफए (चित्रकलेची पदवी), सगळ्यांना बारावी कुठल्याही शाखेची चालते, म्हणून पीसीएम लगेच सोडायची गरज नाही. पैशाचं विचाराल तर नुसत्या पेंटिंगवर सुरुवातीची काही वर्षं घर चालणं अवघड, इलस्ट्रेशन, अ‍ॅनिमेशन किंवा शिकवणं जोडीला लागतं, हे तिलाही आत्ताच स्पष्ट सांगा.

आणि पुढचं पत्र तिला स्वतःला लिहू द्या, तिला काय व्हायचंय ते तुमच्या दोन पानांत कुठेच नाहीये.