फ्रिज वाचवतो एक, कार्ड नेतं तीन

प्रश्न: आठ महिन्यांपासून आम्ही घरात काटकसर करतोय. एलईडी दिवे लावले, चार्जर वापर नसताना काढून ठेवतो, प्लगमध्ये लावायचं वीजबचतीचं यंत्र घेतलं. जुना चालू फ्रिज काढून कमी विजेचा घेतला. त्याचे पैसे आठ वर्षांत वसूल होतील. तो क्रेडिट कार्डावर घेतलाय, पण किमान रक्कम वेळेवर भरतो. अडीअडचणीसाठी ६ टक्क्यांची मुदत ठेव आहे. वाचलेल्या पैशांची आवर्ती ठेव सुरू करू का? आणि दुसरं यंत्र घेऊ का?

उत्तर: आवर्ती ठेव नको. यंत्र तर मुळीच नको. पण मला काळजी वाटली ती तुमच्या 'पण किमान रक्कम वेळेवर भरतो' या वाक्याची.

कार्डाचं व्याज महिन्याला ३ टक्के धरू. व्याजावर व्याज चढून ते वर्षाला ४२ टक्क्यांवर जातं. फ्रिज आठ वर्षांत वसूल होणार म्हणजे तो महिन्याला किमतीच्या साधारण १ टक्का वाचवतो. किमान रक्कम थकबाकीच्या ५ टक्के असेल, तर आठ महिन्यांत तुम्ही किमतीच्या ३८ टक्के भरलेत. त्यातले २२ व्याजात गेले आणि मुद्दल उतरलं जेमतेम १६. फ्रिजने तेवढ्या काळात वाचवले ८. वेळेवर भरल्यामुळे दंड टळला, व्याज नाही.

शिवाय थकबाकी पुढे ओढली की नव्या खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदत सहसा जाते. म्हणजे त्या कार्डावर घेतलेल्या किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज लागत असणार. स्टेटमेंट उघडून 'व्याज' ही ओळ शोधा. आज, हे वाचून झाल्यावर.

ठेव ६ टक्के देते आणि कर्ज ४२ टक्के खातं. तेव्हा ठेवीतून थकबाकी एकरकमी फेडा. मुदतीआधी मोडल्याने थोडं व्याज कमी मिळेल, ते सोसा. तोवर नवी खरेदी त्या कार्डावर करू नका. आत्ता कार्डाला जो हप्ता जातो, तो पुढच्या महिन्यापासून ठेव पुन्हा भरायला लावा. तुमची आवर्ती ठेव ती हीच, फक्त कर्ज फिटल्यानंतरची.

त्या यंत्राबद्दल मला खरंच संताप येतो. घरगुती मीटर तुम्ही प्रत्यक्ष वापरलेली युनिट मोजतो. अशा डब्यात बहुधा एक कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा छोटा भाग) आणि एक दिवा असतो. त्याने घरचं बिल कमी होत नाही, उलट दिव्याला थोडी वीज लागते. ज्याने ३०-४० टक्के बचतीचं वचन देऊन तो विकला, त्याने तुमच्या चांगल्या हेतूचा फायदा घेतला. परत घेत असतील तर देऊन टाका.

एलईडी दिवे उत्तम. ६० वॉटच्या जागी ९ वॉट, रोज पाच तास, म्हणजे एका दिव्यामागे महिन्याला साडेसात युनिट. चार्जर काढायची सवय राहू द्या, पण रिकामा चार्जर एक युनिट खायला पाच-सहा महिने घेतो. गरम पाण्याचा हिशेब वेगळाच आहे. १०० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला सुमारे ३ युनिट लागतात. शॉवर मिनिटाला १० लिटर सोडत असेल, तर पाच मिनिटं आधी बंद केल्यावर एका अंघोळीत दीड युनिट वाचतं. चार माणसांचं घर असेल तर रोज ६ युनिट. या सवयीला नवं काही विकत घ्यावं लागत नाही, म्हणून मला ती फ्रिजपेक्षा जास्त आवडते.